‘कल्चर्ड मोती म्हणजे नकली’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

जूनचा बर्थस्टोन (जन्ममहिन्याचं रत्न) म्हणून मागच्या आठवड्यात मोत्यावर लिहिलं होतं, त्यावर ‘जुनाजाणता’ या नावानं एक प्रतिक्रिया आलीये. कमेंट बॉक्समध्ये उत्तर मावेना म्हणून इथे लिहितेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती अशी (‘कल्चर’ किंवा कल्चर्ड म्हणजे माणसानं शिंपल्यात मुद्दाम पिकवलेला मोती): "बाई, लेख वरवरचा आहे. कल्चर मोती म्हणजे नकली, खरा मोती दाताला घासला की लगेच कळतो. जूनला मोती कोणी ठरवला ते लिहिलेलं नाही, भावाचा पत्ता नाही, फोटोही चुकीचा. आमच्याकडे बसरा मोत्यांची नथ आहे, लिंबाच्या पाण्यातून काढली की आजही लखलखते. तुमच्या घरात खरा मोती कधी आलाच नसावा."

फोटोचं आधी संपवते. तो गोड्या पाण्यातल्या चायनीज मोत्यांच्या सराचा होता आणि मजकूर बसरा मोत्याचा (आखातातल्या समुद्री मोत्याचा), खाली तसं लिहायला हवं होतं, मान्य. बदलते. झालं?

आता शेवटच्या वाक्याकडे. दादा, माझ्या घरात काय आलं आणि काय नाही हे तुम्हाला कसं कळलं? माझे आजोबा झवेरी बाजारात मोत्याच्या पेढीवर लिहिण्याच्या कामाला होते. सोनं विकत घ्यायची ऐपत कधीच नव्हती, पण मोती हाताखालून गेले ते भरपूर. लाल कापडात बांधलेली पुडकी यायची, ती सोडायची, पितळी चाळण्यांच्या उतरंडीतून मोती चाळून आकारानं वेगळे करायचे, मग गोलाई आणि पाणी, म्हणजे झळाळी, बघायची, हे सगळं आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. आजीचा तन्मणी त्याच पेढीवरून हप्त्यानं घेतलेला, तो आता माझ्याकडे आहे आणि दर काही वर्षांनी मी तो पटवेकऱ्याकडून गाठवून घेते. हे सांगायची वेळ माझ्यावर यावी याचंच वाईट वाटतं. लेख वरवरचा म्हणा हो, खुशाल म्हणा, पण त्यासाठी कोणाच्या घरात शिरायची गरज नसते, आणि ते ‘बाई’ तर राहूच दे.

बरं, दाताचं. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला तर किंचित रवाळ, कचकचीत लागतो आणि काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत घसरतो, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण ते रवाळ लागणं येतं मोत्याच्या बाहेरच्या थरांमुळे, आणि ते थर कल्चर्ड मोत्यालाही शिंपल्यानंच चढवलेले असतात हो! म्हणजे तुमच्याच परीक्षेत कल्चर्ड मोती पहिल्या नंबरानं पास होतो. दात फक्त मोती आणि काच यांतला फरक सांगतो, समुद्रात आपसूक झालेला मोती आणि माणसानं करवून घेतलेला मोती यांतला नाही.

तो फरक बघायचा असेल तर विंधलेला मोती घ्या, भिंग लावा आणि भोकाच्या आत उजेड पाडून बघा. कल्चर्ड असेल तर बऱ्याचदा कडेला पातळ थर दिसतो, मग एक बारीक गडद रेघ, आणि आत सपाट पांढरा मणी. तो मणी गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या कवचापासून घडवलेला असतो. दुसऱ्या कालवाच्या मांसल पडद्याचा छोटा तुकडा त्याच्यासोबत आत बसवतात, त्याच्या पेशी मण्याभोवती पिशवी धरतात आणि थर चढायला लागतात. नैसर्गिक मोत्यातही पिशवी तशीच धरते, फक्त तिथे सुरुवात एखाद्या परजीवीनं किंवा जखमेनं होते (वाळूचा कण आणि स्वातीचा थेंब, दोन्ही ऐकायला छान). खात्रीच करायची तर लॅबमध्ये एक्स-रे काढतात, मग आतला मणी किंवा कांद्यासारखी वलयं सरळ दिसतात. आणि चीनच्या गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत तर मणीही नसतो, नुसता पेशींचा तुकडा घालतात, म्हणजे जवळजवळ अख्खा मोती थरांचाच. त्याला नकली कसं म्हणणार? कुंडीत लावलेल्या मोगऱ्याला आपण प्लास्टिकचं फूल म्हणतो का?

तुमच्यासारखी ओरड आधीही झालीये म्हणा. जपानच्या मिकिमोतोनं १८९३ साली अर्धगोल मोती पिकवला, गोल मोत्याचं पेटंट १९१६ चं, आणि १९२० च्या दशकात ते मोती लंडन-पॅरिसला पोचले तेव्हा तिथले व्यापारी हादरले. का हादरले? कारण त्याआधी १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची अख्खी इमारत कार्टिये या फ्रेंच जवाहिऱ्यानं मोत्यांच्या एका दुपदरी हाराच्या बदल्यात घेतली होती, हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर. तोच हार १९५७ ला लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेला. नकली मालानं भाव असे पडत नाहीत, दादा, खऱ्या मालाला जोड मिळाली की पडतात. त्यात १९२९ नंतरची मंदी आली, १९३२ ला बहारीनमध्ये तेल लागलं, नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून भर उन्हाळ्यात बुड्या मारणारे लोक तेलाच्या नोकरीत गेले आणि आखातातला मोत्याचा धंदा बसला. आजोबांच्या पेढीचंही काही वेगळं झालं नाही. बहारीनमध्ये आजही कल्चर्ड मोती विकायला बंदी आहे, तुम्हाला तिथे आवडेल.

तुमची नथ ‘बसरा’ म्हणून मी मान्य करते, एक्स-रे न काढता, बघा किती विश्वास. पण मोती बसऱ्यात निघत नव्हते, ते बहारीन, कतार, कुवेतच्या समुद्रातले, बसरा हे व्यापाराचं बंदर. आणि ते विंधायला, ओवायला, विकायला यायचे ते मुंबईत. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमाराला याच मोत्यांचा गालिचा करवून घेतला, तो २००९ मध्ये दोह्यात लिलावात विकला गेला. म्हणजे माल जिथून आला तिथेच परत!

‘कल्चर्ड’ हे सांगून विकलं पाहिजे असं तुम्हाला म्हणायचं असेल तर दागिन्यांच्या धंद्यात आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे, त्यात वाद कसला. पण तुम्ही ते म्हणाला नाहीत, तुम्ही ‘नकली’ म्हणालात.

जून-मोती ही जोडी पक्की केली अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेनं, १९१२ साली. आपल्या चंद्राच्या मोत्याशी त्याचा काही संबंध नाही, महिन्यांच्या रत्नांच्या त्याच यादीत पुढे २००२ ला टांझानाइट हे रत्न घुसवलं जे मुळात १९६७ ला सापडलं, यावरून काय ते ओळखा. भावाचं म्हणाल तर मुंबईचे मोतीवाले ‘चव’ (मोत्याच्या किमतीचं जुनं माप) लावून हिशेब करायचे, त्यात वजनाचा वर्ग धरतात, म्हणजे तशाच पाण्याचा दुप्पट वजनाचा मोती चौपट किमतीचा. आजचा दर माझ्याकडे मागू नका, मी सराफ नाही.

राहता राहिलं लिंबू. इथे मात्र भांडण बाजूला ठेवून सांगते, कृपा करून हे करू नका. मोती म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात ते विरघळतं. लिंबाच्या पाण्यातून काढल्यावर जे ‘लखलखतं’ ते वरचा थर खाल्ला गेल्यामुळे, आणि दोनचारदा केलंत की मोती खडूसारखा पांढराफटक पडेल. नुसतं ओलसर मऊ फडकं पुरतं, आणि अत्तर-पावडर सगळं झाल्यावर नथ शेवटी घालायची. आत्ता भिजत ठेवली असेल तर आधी काढा, मला उत्तर नंतर लिहा.