काळी माती, पाटाची वाट आणि तीनचाकी: चाळीसगावकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

चाळीसगावकर भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण नुसती तिखट नाही, तिच्यात दम आहे. म्हणून उत्तर जरा लांबतंय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गावाबाहेरची फिरायची वाट दिव्यांगांना वापरता येईल अशी कशी करावी, या मागच्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. पाटणादेवीच्या आणि सातपुड्याच्या जंगलात सिमेंट ओतायचा हा धंदा आहे. मापं विलायती आहेत. खान्देशच्या उन्हात चाकाची खुर्ची घेऊन फिरायला येणार कोण? आणि लेखात सांगितलेला 10 सेमी मुरूम काळ्या मातीत एक पावसाळाही टिकत नाही. वर अहिराणीत टोला: "हाई बठ्ठं पुना-मुंबईनं खूळ शे", म्हणजे हे सगळं पुण्या-मुंबईचं खूळ आहे.

चौथ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि लेख चुकला.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो, हे तुम्हाला काय सांगायचं. तिच्यावर मुरूम नुसता पसरला की दोन जोरदार पावसांत खालची माती लोण्यासारखी होते, मुरूम आत दबतो आणि चिखल वर येतो. चालणाऱ्याची फक्त चप्पल भरते. चाकाच्या खुर्चीचं पुढचं लहान चाक मात्र रुततं, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस पुढे तोंडावर जातो. त्यामुळे मुरूम 10 सेमी की 15, हा प्रश्न दुसरा. माती आणि मुरूम वेगळे कसे ठेवायचे, हा पहिला. लेखात तो आलाच नव्हता.

दीड मीटर रुंदीच्या वाटेसाठी दोन्ही कडा धरून 1.8 मीटर रुंदीत 15 सेमी खोल माती काढायची. तळ ओलसर असताना रोलर फिरवून दाबायचा, त्यावर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड अंथरायचं. जोडावर कापड एकावर एक किमान 30 सेमी चढलं पाहिजे, नाहीतर चिखल नेमका त्या फटीतून वर येतो. मग कठीण मुरूम, दाबून 15 सेमी, पण दोन थरांत. प्रत्येक थर पाणी मारून, एक टनी रोलरने. एकदम पूर्ण जाडी टाकून वरून रोलर फिरवला तर वरचे सात-आठ सेंटिमीटर घट्ट होतात आणि खालचा भाग भुसभुशीतच राहतो. ठेकेदार हेच करतो, आणि उद्घाटनाच्या दिवशी ते कुणाला दिसत नाही. सगळ्यात वर क्रशरची कच, म्हणजे खडी फोडताना निघणारा चुरा, आणि बारीक खडी मिसळून 5 सेमी. नदीची गोल वाळू किंवा गोटी इथे अजिबात नको. गोल दगड एकमेकांत अडकत नाही, चाकाखालून सरकतो. क्रशरचा कोनदार तुकडा अडकून बसतो. असा थर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 5 सेमी वर येतो, म्हणून पाणी वाटेवर थांबत नाही.

हिशेब ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागेल तुम्हाला. 100 मीटरला मुरूम साडेबारा ब्रास आणि कच-खडी चार ब्रास, दबल्यावर आकारमान घटतं ते धरून.

कापड परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर चुना. तळाच्या 15 सेमी काळ्या मातीत, कोरड्या मातीच्या वजनाच्या 3 ते 5 टक्के विरवलेला चुना, म्हणजे चौरस मीटरला साधारण 7 ते 11 किलो. ढेकळं फोडून, रोटाव्हेटरने नीट मिसळून, ओल देऊन दाबायचं आणि आठवडाभर ओलं ठेवायचं. चुन्यामुळे मातीचं फुगणं बरंच कमी होतं. हातमोजे आणि चष्मा विसरू नका, चुना डोळ्यात गेला तर गंमत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढू नये. फेब्रुवारी-मार्च उत्तम.

पास की नापास हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. वाटेवर पाणी मारा, एकचाकी ढकलगाडीत सिमेंटचं 50 किलोचं पोतं ठेवा आणि दहा पावलं ढकला. चाकाची खोल रेघ उठली तर रोलर पुन्हा आणा.

आता सिमेंटचा आरोप. वरच्या कृतीत सिमेंट आहे ते फक्त परीक्षेच्या पोत्यात. आणि बाकी सिमेंट टाळलंय ते पर्यावरणप्रेमापोटी नव्हे. काळ्या मातीवर थेट ओतलेला काँक्रीटचा पातळ पट्टा फुगवट्याने उचलला जातो, जोडाशी एक लादी वर आणि दुसरी खाली होते. 13 मिमीपेक्षा मोठा असा कंगोरा लहान चाकाला भिंतीसारखा. म्हणजे खर्च करून वाट बिघडवायची.

पाटणादेवीबद्दल तर आपलं भांडणच नाही. गौताळा-औट्रमघाट हे अभयारण्य आहे, धवलतीर्थाकडच्या खडकाळ ओढ्यात कुणी रॅम्प मागत नाही. लेखाचा रोख डोंगरावर नव्हताच. खान्देशात दिव्यांगांसाठी सगळ्यात सोपी वाट आधीच पडलेली आहे, ती म्हणजे पाटाच्या कडेची. पाटाला पाणी फक्त उताराने न्यायचं असतं, तेही हळू, म्हणून पाट समपातळीच्या रेषेला धरून जातो. त्याचा उतार सहसा किलोमीटरमागे मीटरभरही नसतो. पांझरेकाठच्या जुन्या फडांचे, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीचे, पाट घ्या, नाहीतर गिरणेच्या जामदा बंधाऱ्यावरून निघणारे कालवे. इंजिनिअरला नव्याने जे आखावं लागलं असतं ते पाण्याने आणि पाटकऱ्याने आखून ठेवलंय. परवानगी पाटबंधारे खात्याची लागेल आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आधी भराव्या लागतील, एवढं खरं. पाण्याच्या बाजूला सलग 10 सेमी उंच कड हवी, अंध माणसाच्या काठीला लागेल अशी आणि चाक अडवेल अशी. पावसाचं पाणी जायला तिच्यात मधूनमधून अरुंद फटी ठेवायच्या, नाहीतर कड स्वतःच बांध होऊन वाटेचं तळं करते.

अशा वाटेवर अडतं कुठे? तर माणसाने आडव्या टाकलेल्या गोष्टींत. केळीच्या मळ्यातून वाटेवर आडवी गेलेली ठिबकची 16 मिमीची नळीसुद्धा लहान चाक अडवते, सबमेनचा, म्हणजे या नळ्यांना पाणी पुरवणारा, 63 किंवा 75 मिमीचा पाईप तर सरळ गतिरोधक. शेतकऱ्याशी वाद घालण्यापेक्षा वाट करतानाच दर मळ्याशी 110 मिमीचा एक रिकामा पीव्हीसी पाईप जमिनीखाली आडवा गाडून ठेवावा. ज्याला नळी किंवा मोटरची केबल न्यायचीय त्याने त्यातून ओवावी.

दुसरं फाटक. मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून तोंडाशी नागमोडी लोखंडी पाईप किंवा गोल फिरणारं चक्री फाटक बसवतात. मोटरसायकलचं हँडल 70-80 सेमी रुंद, चाकाच्या खुर्चीला किमान 90 सेमी मोकळी जागा लागते. म्हणजे खुर्ची जाईल तिथून मोटरसायकल जाणारच, आणि मोटरसायकल अडेल तिथे खुर्ची अडणारच. या गणितातून पळवाट नाही. इंग्लंडमध्येही शेतवाटांच्या फाटकांवरून हाच वाद चालतो. मोटरसायकली राखणदाराने आणि दंडाने अडवाव्यात, पाईपाने नव्हे. गुरं अडवायची असतील तर 1.2 मीटर मोकळ्या रुंदीचं, बिजागरी किंचित तिरकी बसवून आपोआप मिटणारं फाटक पुरतं. कडी जमिनीपासून 80 ते 100 सेमी उंचीवर आणि मिटलेल्या मुठीने उघडेल अशी. जोरकस स्प्रिंग नको, बसलेल्या माणसाला एका हाताने फाटक आणि दुसऱ्याने चाक सांभाळावं लागतं. सध्या बहुतेक ठिकाणी दोन जण दिव्यांगाची तीनचाकी सायकल उचलून पलीकडे ठेवतात आणि त्यालाच सोय म्हणतात.

तीनचाकीवरून मापांचा आक्षेप आठवला. तिथे तुमचं निम्मं बरोबर आहे. उताराची मापं अमेरिकेत संघीय जमिनीवरच्या पायवाटांसाठी 2013 मध्ये ठरली ती दिली होती: 1:20 पर्यंतचा उतार कितीही लांब चालतो, 1:12 पर्यंतचा सलग 60 मीटर, 1:10 पर्यंतचा 9 मीटर, 1:8 पर्यंतचा फक्त 3 मीटर, आणि प्रत्येक टप्प्यानंतर सपाट विसावा. चढ हा चढच, तो साक्रीत वेगळा आणि परदेशात वेगळा नसतो. मोजायला गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणि 10 मीटर दोरी पुरे. दोन टोकांत 50 सेमी फरक म्हणजे 1:20, 83 सेमी म्हणजे 1:12.

रुंदीत मात्र परदेशी माप आपल्याकडे तोकडं पडतं. तिथली 90-91 सेमी ही चाकाच्या खुर्चीची गरज. आपल्या गावांत वाटप झालेली असते ती हाताने फिरवायची तीनचाकी सायकल. ती खुर्चीपेक्षा लांब, दीड मीटरच्या वर्तुळात जागेवर वळत नाही, पुढेमागे करत वळवावी लागते. म्हणून वाट दीड मीटर, वळणावर त्याहून मोकळी, आणि वाट जिथे संपते तिथे परत फिरायला अडीच-तीन मीटरची मोकळी जागा. 'पुढे रस्ता बंद' अशा टोकावर अडकलेली तीनचाकी उलटी ढकलत आणणं फार वाईट काम.

आडव्या उताराचं त्रांगडं वेगळंच आहे. पाणी वाहून जायला वाट एका बाजूला कलती हवी, पण कलत्या वाटेवर चाकाची खुर्ची सतत खालच्या बाजूला ओढते आणि एका हाताला जास्त काम पडतं. कच-खडीच्या वाटेला 1:20 ही कमाल मर्यादा. पण 1:33 ठेवलं, म्हणजे मीटरला 3 सेमी, तर पाणीही जातं आणि खांदाही राहतो. डोंगराच्या बाजूने येणारं पाणी वाटेवर घेऊच नका, वरच्या अंगाला चर काढा. पाणी वळवायला वाटेवर आडवे दगडी बंधारे घालायची सवय मोडायला हवी.

आता 'येणार कोण?' 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग नोंदले गेले, तेही आठ प्रकार धरून. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार 21 केले, त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार किती घरांत आहे ते तिथल्या कुणालाही विचारा. सिकलसेलच्या माणसाला रॅम्प लागतोच असं नाही. त्याला पाणी, सावली आणि थोड्या थोड्या अंतरावर टेकायची जागा हवी असते, कारण अंगातलं पाणी कमी झालं किंवा दमछाक झाली की असह्य कळा सुरू होऊ शकतात. गुडघे धरलेल्या आजीलाही नेमकं हेच हवं असतं.

ऊन मात्र तुम्ही म्हणता तितकंच कडक आहे, आणि उताराच्या त्या परदेशी मापांत त्याचा विचार नाही. मे महिन्यात लोखंडी कठडा आणि बाक हाताला चटका देतात. खुर्चीवरून बाकावर सरकणारा माणूस हात टेकल्याशिवाय सरकूच शकत नाही. म्हणून बाक लाकडाचा किंवा दगडाचा, सावलीत, 45 ते 50 सेमी उंच, पाठ आणि हात असलेला, आणि शेजारी खुर्ची उभी राहील अशी 90 बाय 120 सेमी पक्की जागा. सावलीला कडुनिंब, करंज. बाभूळ आणि बोर वाटेच्या जवळपास नको, त्यांचा काटा हवेच्या टायरमध्ये घुसतो आणि दोन किलोमीटरवर पंक्चर झालेली तीनचाकी ही थट्टा नाही. फांद्या 2.1 मीटरच्या खाली लोंबू देऊ नयेत, अंध माणसाची काठी जमिनीवर असते, डोक्यापुढे नसते.

हे सगळं ऐच्छिक आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तसं नाही. सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणारा, दिव्यांग हक्क कायद्याखालचा 2017 चा नियम 15 त्या कायद्याशीच विसंगत आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला म्हटलं आणि बंधनकारक निकष करायला सांगितलं.

मूळ लेखात एक गोष्ट राहिली होती, ती इथे देतो. तोंडाशी 'दिव्यांगस्नेही मार्ग' असा फलक लावून कुणाला काहीच कळत नाही. कुणाचा हात किती चालतो हे ज्याचं त्याला माहीत असतं. आपण आकडे सांगायचे, जायचं की नाही हे त्याने ठरवायचं. उदाहरणार्थ:

"लांबी 1,200 मीटर, त्याच वाटेने परत. रुंदी 1.5 मीटर, 700 मीटरवर पुलाशी 1.1 मीटर. पृष्ठभाग दाबलेली कच-खडी. सर्वांत तीव्र चढ 1:14, पुलाआधी 12 मीटर. बाक व सावली दर 150 मीटरवर. पिण्याचं पाणी सुरुवातीला व 600 मीटरवर. शौचालय फक्त सुरुवातीला, दार 90 सेमी, बाहेर उघडणारं. जोरदार पावसानंतर दोन दिवस वाट बंद. मार्च ते जून सकाळी 9 नंतर येऊ नये. मदतीसाठी फोन किंवा व्हॉट्सॲप संदेश."

संदेशाची सोय मुद्दाम लिहिली आहे. कर्णबधिर माणसाला नुसता फोन नंबर देऊन काय उपयोग? हाच मजकूर मोबाइलवर वाचून ऐकता येईल असा ग्रामपंचायतीच्या पानावरही टाकावा, घरून निघायच्या आधी कळला तर त्याचा उपयोग.

मूळ लेखातला '10 सेमी मुरूम' हा भाग आज बदलला आहे. तिथे आता कापड किंवा चुना, दोन थरांत 15 सेमी मुरूम आणि वर 5 सेमी कच-खडी असं आहे, आणि दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाली हेही लिहिलंय. जामद्याच्या बाजूला तुमचं जाणं-येणं असेल तर दोरी आणि पाण्याची नळी घेऊन एखाद्या पाटाच्या कडेचं 100 मीटर मोजून कळवा, सगळ्यात अरुंद जागा आणि आडव्या नळ्या किती, एवढं पुरे.