प्लॅटिपसच्या नावात चोच नाही

"प्लॅटिपस म्हणजे बदकाच्या चोचीचा. 1799 पर्यंत हा प्राणी निनावी होता. अडाणी वसाहतवाले त्याला जमिनीतल्या मोलचा भाऊबंद समजत, आणि शास्त्रज्ञांनी तर तो बनावट म्हणून फेकूनच दिला." हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. प्लॅटिपस म्हणजे ऑस्ट्रेलियातला, बदकासारखी चोच असलेला आणि अंडी घालणारा सस्तन प्राणी. दहावीला 'डकबिल प्लॅटिपस' घोकलेल्या आपल्यासारख्यांना हा मजकूर पटतोही.

आधी अर्थ. ग्रीकमध्ये 'प्लॅटिस' म्हणजे चपटा, 'पूस' म्हणजे पाय. झाला चपट्या पायांचा. चोचीचा पत्ताच नाही. बदक आलं ते इंग्रज शास्त्रज्ञ जॉर्ज शॉने 1799 मध्ये पुढे जोडलेल्या 'अनाटिनस' या लॅटिन शब्दातून. गंमत अशी, की 'प्लॅटिपस' हे नाव लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याला आधीच देऊन झालं होतं. त्यामुळे शास्त्राच्या दप्तरात ते बाद झालं आणि जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाखचं 1800 सालचं 'ऑर्निथोऱ्हिंकस', म्हणजे पक्ष्याच्या चोचीचा, कायम झालं. बाद झालेलं नाव लोकांच्या तोंडी बसलं ते बसलंच.

निनावी? ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांकडे त्याला प्रांतोप्रांती नावं होती: मल्लनगाँग, बूंदाबुर्रा, तांब्रीत. शॉच्या आधी, 1797 मध्ये, हॉक्सबरी नदीजवळच्या तळ्यावर तिथल्या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर हंटर यांनी एका मूळ रहिवासी शिकाऱ्याला पाहिलं. छोटा लाकडी भाला घेऊन तो तासाभराहून जास्त काठावर बसून होता. प्राणी श्वासाला वर आला की नेम धरायचा. शेवटी भाला लागला. बाहेर काढल्यावर त्या प्राण्याने नख्यांनी इतका धुमाकूळ घातला, की भाल्याचे काटे कापेपर्यंत त्याला दोन फळ्यांमध्ये दाबून धरावं लागलं. इतक्या चिकाटीने ज्याची वाट बघतात, तो प्राणी निनावी कसा असेल?

आता मोलचं. मोल म्हणजे जमिनीत बिळं खणणारा छोटा प्राणी; वसाहतवाले प्लॅटिपसला 'वॉटर मोल', म्हणजे पाण्यातला मोल, म्हणत. त्यांना दिसले ते बारीक डोळे, मखमली दाट केस आणि काठाच्या मातीत बीळ खणणारे पंजे. दिसलं तसं नाव पडलं. नावावरून नातं ठरत नाही. आपलं पाणमांजर तरी कुठे मांजर आहे? ते मुंगुसासारखं लांबडं दिसतं आणि असतं वीझल या छोट्या शिकारी प्राण्याच्या कुळातलं. पाणघोड्याबद्दल तर बोलायलाच नको. त्या नावांवरून आपल्याला कोणी अडाणी म्हणत नाही.

राहिला बनावटीचा आरोप. शॉला शंका आली हे खरं. असल्या प्राण्याबाबत संशय घेणं क्षम्यच नव्हे, स्तुत्य आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलंही. पण त्याच लिखाणात त्याने चित्र छापलं, वर्णन दिलं. नावं ठेवून गप्प बसला नाही, नाव ठेवलं. खरा वाद रेंगाळला तो अंड्यांवर. हा प्राणी अंडी घालतो हे पक्कं कळलं 1884 मध्ये, कॉल्डवेल या प्राणिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधून तशी तार केली तेव्हा. पुस्तकातली जी ओळ आपण एका मार्कासाठी पाठ केली, तिला शॉनंतर 85 वर्षं लागली.