‘साठीनंतर शरीर जपून वापरा’ म्हणे!

साठी ओलांडलेल्यांसाठीचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत येतो. जिने चढू नका, गुडघे झिजतील. वजन उचलू नका. पडायची भीती असेल तर बसून राहा, फार तर थोडं चाला. पाठवणाऱ्यांना काळजी वाटते हे खरं, पण या सल्ल्याने माणूस लवकर परावलंबी होतो.

आधी गुडघे. गुडघा म्हणजे गाडीचा टायर नव्हे. सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात. भार पडतो आणि सुटतो तेव्हा सांध्यातला द्रव आतबाहेर होऊन तिचं पोषण होतं. मांडीचे स्नायू बळकट असले की गुडघ्याला आधार मिळतो. म्हणून तर गुडघ्याच्या संधिवातात व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो. दुखत असेल तर जिने कमी चढा, कठडा धरा, पण पूर्ण सोडू नका.

‘वजन उचलू नका’ हे मला सगळ्यांत घातक वाटतं. संशोधक मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांसाठी वजनांचा व्यायाम दिला होता. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या घरात! उलट, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं चरबीविरहित वजन जवळपास एक किलोने घटलं. त्यात मुख्यतः स्नायूच. विश्रांतीची किंमत ही अशी असते.

पडण्याचंही तेच. बसून राहिलं की पाय कमजोर होतात, तोल बिघडतो आणि पडण्याची शक्यता वाढते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा शंभराहून अधिक चाचण्यांवरचा २०१९ चा आढावा सांगतो की व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं.

चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने ताकद आणि तोल पुरेसा राखला जात नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि हात न टेकता दहा वेळा उठून बसावं. जमलं नाही तर पाच वेळा, हात टेकून.