अठ्ठावन्नावे चित्र

दवाखान्यात माझा क्रमांक अकरावा होता आणि आत नुकताच चौथा गेला होता, एवढी पार्श्वभूमी पुरे. हातातल्या रुबिक क्यूबचे खालचे दोन थर जुळून झाले होते आणि गेले दोन महिने ज्याने माझी झोप उडवली आहे तो शेवटचा, पिवळा थर समोर होता. नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या गृहस्थांनी माझ्या हातांकडे वाकून पाहिले आणि "झालंच की हो! आता एवढा एकच थर राहिला," असे म्हणून माझे अभिनंदन केले. त्यांचा मला जो राग आला, तो आज चौथ्या दिवशीही पुरता ओसरलेला नाही.

तिनातले दोन थर झाले म्हणजे दोन तृतीयांश काम झाले, हा हिशेब ज्याने कधी क्यूब हातात धरलेला नाही तोच करू शकतो. पहिले दोन थर रचताना वरची सगळी जागा पसारा मांडायला मोकळी असते. शेवटच्या थराला मात्र स्वतःची अशी मोकळी जागाच नसते, त्यामुळे त्यातला एखादा तुकडा हलवायचा तर खालचे जुळलेले मोडायचे आणि सात, अकरा किंवा चौदा वळणांनंतर ते जसेच्या तसे परत उभे करायचे, असा हा द्राविडी प्राणायाम आहे. आधी सगळी पिवळी तोंडे वर आणायची, त्याच्या 57 अवस्था आणि तितकेच वळणांचे क्रम. मग तुकडे आपापल्या जागी न्यायचे, त्याच्या आणखी 21. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांच्यासाठी दोन-दोन टप्प्यांची, अनुक्रमे दहा आणि सहा क्रमांची सोय आहे, आणि त्या सोळांपैकी चौदा मला येतात. बुडापेस्टला 1982 साली झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन्ह थाई याने अख्खा क्यूब 22.95 सेकंदांत सोडवून विजेतेपद मिळवले होते. माझा एकटा शेवटचा थर त्याहून अधिक वेळ घेतो. मॅक्स पार्क याने 2023 मध्ये 3.13 सेकंदांत काय केले, ते मी मुद्दाम आठवत नाही.

हे सगळे त्या गृहस्थांना सांगण्याची काहीच गरज नव्हती, पण मी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवले.

"हा बघा. ह्याचं पिवळं तोंड बाजूला आहे. ते वर करायचं."

"हो, पण एकटा कोपरा फिरत नाही."

"का नाही फिरत?"

"त्याच्याबरोबर बाकीचे बिघडतात."

"मग बाकीचे न बिघडवता फिरवा."

या वाक्यातला आत्मविश्वास इतका निखळ होता की मी क्षणभर खरोखरच तसा काही मार्ग आहे का याचा विचार केला. तेवढ्यात त्यांनी विचारले, "तुम्ही हे पाठ करता की विचार करून सोडवता?" मी खरे ते सांगितले. "मग त्यात अक्कल कसली?" असे ते कोणताही दुष्ट हेतू न ठेवता म्हणाले, आणि हा प्रश्न मी स्वतःलाही रात्री-बेरात्री विचारलेला असल्यामुळे जरा जास्तच लागला. स्वसंरक्षणार्थ मी एर्नो रुबिक यांना पुढे केले. हंगेरीतल्या या वास्तुरचनेच्या प्राध्यापकांनी 1974 साली हे कोडे स्वतः तयार केले आणि तरी त्यांना ते पहिल्यांदा सोडवायला महिनाभर लागला, असे मी म्हणालो. गृहस्थांनी सहानुभूतीने मान हलवली. "त्यांना कोणी सांगणारं भेटलं नसेल."

वाट पाहत बसलेला माणूस मोबाइलमध्ये डोके घालून असला तर त्याला कोणी हटकत नाही. पण क्यूब किंवा अर्धवट भरलेले शब्दकोडे हाती असले की ती सार्वजनिक मालमत्ता होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'आडवे सात' सांगण्याचा हक्क प्राप्त होतो. यात माझे नुकसान असे होते की ते क्रम माझ्या डोक्यात नसून बोटांत आहेत. मध्येच कोणी बोलले की बोटे गप्प होतात आणि पुढचे वळण कोणते हे मला स्वतःलाच ठाऊक नसते. मग सगळे पहिल्यापासून, तळाच्या पांढऱ्या अधिक-चिन्हापासून. याची भरपाई कोणी देत नाही.

तर अखेरीस "द्या इकडे जरा," असे म्हणून त्यांनी क्यूब माझ्या हातातून घेतलाच. तो चहूबाजूंनी निरखला, त्या कोपऱ्यापाशी अंगठ्याने काहीतरी चाचपले, 'टक्' असा बारीक आवाज झाला, आणि "फिरतो की हो चांगला!" असे म्हणून त्यांनी तो परत केला. मला वाटले, ते थरांच्या गुळगुळीतपणाचे कौतुक करीत आहेत. इतक्यात सहाव्या क्रमांकाचा पुकारा झाला आणि ते आत गेले.

त्यानंतरची चाळीस मिनिटे मला कोणी परत देणार नाही. पिवळे अधिक-चिन्ह लगेच झाले. उरले फक्त कोपरे. तिथे 'सून' नावाचा क्रम लागतो: आर, यू, आर-प्राइम, यू, आर, यू-टू, आर-प्राइम (आर म्हणजे उजवी बाजू फिरवा, यू म्हणजे वरची; प्राइम म्हणजे उलटे वळण आणि टू म्हणजे अर्धा फेरा). मूळ उच्चार काहीही असो, आपण तो सून असाच करतो, आणि याच क्रमाच्या उलट्याला 'अँटीसून' म्हणतात, म्हणजे बहुधा सासू. सून तीन कोपऱ्यांची तोंडे फिरवते आणि चौथ्याला दुखावत नाही. मी सून केली, सासू केली, पुन्हा सून केली. तरी शेवटी तीन पिवळी तोंडे वर आणि एक बाजूला, हे चित्र काही सुटेना. अधिक-चिन्ह झाल्यावर सातच चित्रे संभवतात आणि हे त्यांत नव्हते. मी मोबाइलवर आशेने सत्तावन्नही पाहिली. दरम्यान ते गृहस्थ हातात औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर आले आणि जाता जाता म्हणाले, "अजून तिथंच?" थोड्या वेळाने आत माझा रक्तदाब मोजला गेला, त्याविषयी मी काही लिहीत नाही.

उलगडा रात्री झाला. थर कसेही फिरवा, कोपऱ्यांना पडणाऱ्या पिळांची बेरीज नेहमी तिनाच्या पटीतच राहते, म्हणून एकटा कोपरा पिळलेला क्यूब कितीही सुना आणल्या तरी सुटत नाही. सुटे करून डोळे झाकून जोडलेल्या बारा क्यूबांपैकी सरासरी एकच सुटण्याजोगा असतो तो याच आणि अशाच कारणांनी. हे गणित मला तोंडपाठ होते. दुपारी फक्त आठवले नाही. मी अंगठ्याने तो कोपरा जागच्या जागी पिळला. टक्. वरचा थर अर्धा फिरवला, आणि सगळा क्यूब जुळला. जागा बदलण्याचा टप्पा आपोआप टळण्याचा हा योग सरासरी 72 वेळांतून एकदा येतो. मला तो दोन महिन्यांत पहिल्यांदाच आला, तेव्हा घड्याळ लावलेले नव्हते.

एकच कोपरा, बाकीचे न बिघडवता. त्यांचा क्रमांक सहावा होता, याखेरीज त्या गृहस्थांविषयी मला काहीही ठाऊक नाही.