‘सोनेरी मूठ, पण सुई धरत नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत की आमच्याकडून घेतलेल्या २६ सेंटिमीटरच्या, वाकड्या जॉच्या (तोंडाच्या) नीडल होल्डरमध्ये, म्हणजे टाके घालताना सुई पकडायच्या चिमट्यात, चार महिन्यांतच सुई फिरायला लागली. व्हॉल्टचे, म्हणजे गर्भाशय काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला घालायचे, टाके घेताना लॉक आपोआप सुटलं आणि सुई पेल्व्हिसमध्ये (ओटीपोटाच्या पोकळीत) पडली. जोडाजवळ तपकिरी डाग आले. फोन केला तर आमच्या माणसाने ‘वापरण्यात चूक झाली असेल’ असं म्हणून बोळवण केली. आणि शेवटी, सोनेरी मुठी लावून आम्ही फसवणूक करतो, असंही लिहिलंत.

फोनपासून सुरुवात करतो, कारण तिथे वादच नाही. नग डोळ्यांनी पाहिलेला नसताना सर्जनला असं उत्तर देणं चूक होतं. त्याने ते मला सांगितलंही नाही, तुमचा अभिप्राय वाचून कळलं. मोजणीत सुई कमी भरली की ती सापडेपर्यंत पोट बंद करता येत नाही, आणि तो वेळ टेबलावरच्या पेशंटचा जातो. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता नगाबद्दल. तुम्ही तो परत पाठवलात, मी स्वतः भिंगाखाली पाहिला. चांगल्या नीडल होल्डरची टोकं आधी टेकतात आणि दाब वाढला की जॉ मागपर्यंत मिटतो. इथे उलट झालंय: मागचा भाग आधी मिटतो, टोकांमधून उजेड दिसतो. एका इन्सर्टला, म्हणजे जॉच्या आत बसवलेल्या टंगस्टन कार्बाइडच्या कठीण पट्टीला, बारीक तडा आहे, दुसऱ्याचे दाते एकाच जागी सपाट झालेत. बॉक्स लॉक, म्हणजे दोन पाती एकमेकांत अडकतात तो जोड, ढिला पडलाय. रॅचेटचे, म्हणजे मुठीजवळच्या लॉकच्या खाचांचे, दात मात्र शाबूत आहेत. लॉक सुटलं ते पाती एकमेकांसमोर नीट बसत नाहीत म्हणून.

हे कशाने झालं याचा पुरावा तुमच्याच फोटोत होता. होल्डरच्या शेजारी धाग्याचं पाकीट पडलंय: १ नंबरचा धागा, ४० मिलिमीटरची अर्धवर्तुळाकार सुई. व्हॉल्टसाठी ती योग्यच. पण आम्ही पाठवलेल्या नगाच्या जॉवर ०.४ मिलिमीटर अंतराचे दाते आहेत, आणि ते साधारण ४-० आणि त्याहून बारीक धाग्यांच्या सुयांसाठी असतात (शून्याआधीचा आकडा जितका मोठा तितका धागा बारीक; १ नंबर या सगळ्यांहून जाड). ३-० पासून वरच्या जाड सुयांना ०.५ मिलिमीटरचे दाते आणि भरदार जॉ लागतो. नाजूक जॉमध्ये जाड सुई धरून लॉक लावलं की जॉ पसरतो, तो ताण जोडावर येतो आणि ठिसूळ कार्बाइड तडकतं. एकदा नाही, रोज.

तर मग चूक तुमची? नाही. ऑर्डर तुमच्या स्टोअरकडून आली होती. आमच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने होते: लांबी किती, आणि जॉ सरळ की वाकडा. सुई कुठली धरणार हे आम्ही विचारलंच नाही. स्टोअरने ‘लांब, वाकडा’ लिहिलं आणि आम्ही कपाटात होता तो लांब, वाकडा दिला. खोल जागेसाठी मागणारा माणूस लांबीच आधी सांगतो, ते साहजिक आहे. बाकीचं विचारणं हे विकणाऱ्याचं काम.

याच मुद्द्यावर थोडं जास्त बोलतो, कारण ‘खोल म्हणजे लांब’ हा समज आमच्या धंद्यातही पक्का बसलाय. पाती लांब झाली की ती जरा वाकतात. तुम्ही मूठ दाबता, रॅचेट कट् कट् वाजतं, पण त्या दाबातला काही भाग पातीच्या लवचीकपणातच जिरतो आणि जॉपर्यंत कमी पोचतो. हाताचा बारीकसा कंप टोकाशी मोठा होतो. अरुंद पेल्व्हिसमध्ये सर्जनचा स्वतःचा हातच नजरेच्या आड येतो, म्हणून वाकडा जॉ, किंवा दोनदा वाक दिलेली पाती. पण वाकड्या जॉमध्ये सुई मुठीच्या रेषेत राहत नाही. मनगट फिरवलं की सुई वळतेच, शिवाय टोक बाजूला झुलतं आणि सुईला जॉमध्ये कलंडायला कारण मिळतं. हीनी यांच्या नावाचा वाकडा होल्डर स्त्रीरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं वापरतात, पण त्याचा जॉ मजबूत असतो, हे विसरून चालत नाही. आणि मनगट फिरवायलाच जागा नसेल तर होल्डर बदलण्याआधी ५/८ वर्तुळाची सुई घेऊन बघणं बरं. सुई आत खोचून पलीकडून स्वतःच पकडणारी उपकरणंही मिळतात, आम्हीही विकतो. पण त्यांना त्यांचीच सुई आणि त्यांचाच धागा लागतो, म्हणून रोजच्या कामाला मी ती सुचवत नाही.

सोनेरी मुठीबद्दल. जॉमध्ये टंगस्टन कार्बाइडचे इन्सर्ट आहेत एवढंच ती मूठ सांगते, आणि ते तुमच्या नगात आहेत. म्हणून ‘फसवणूक’ हा शब्द मला मान्य नाही. दात्यांचं अंतर किती, हे मात्र मुठीच्या रंगावरून कोणालाच कळत नाही, आणि आमच्या पाकिटावर ते छापलेलं नव्हतं.

डागांचा भाग तुम्हाला कदाचित आवडणार नाही. साध्या खोडरबराने घासून पाहिलं. मुठीजवळचे निघून गेले, खाली धातू गुळगुळीत आहे, म्हणजे ते पाण्यातल्या क्षारांचे डाग होते. जोडातला डाग निघाला, पण खाली बारीक खड्डे आहेत. तो गंज आहे. असे खड्डे बहुतेक वेळा क्लोराइडने पडतात: ऑपरेशन संपल्यावर हत्यार सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) भिजत राहिलं, किंवा जोडात रक्त वाळलं. बॉक्स लॉक मिटलेला ठेवून धुतलं तर आत ब्रश पोचतच नाही. तुमच्या सी.एस.एस.डी.च्या, म्हणजे हत्यारं धुऊन निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या, सिस्टरना एवढंच सांगा: सलाइन नको, साधं पाणी; जोड उघडून धुवायचं; ऑटोक्लेव्हआधी पाण्यात विरघळणारं वंगण लावायचं, शिलाई मशीनचं तेल नव्हे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक चाचणी, तिला मिनिटही लागत नाही. ज्या सुईने काम करणार तीच जॉमध्ये धरा, रॅचेट दुसऱ्या खाचेवर लावा आणि सुई हाताने फिरवून बघा. सहज फिरली तर तो होल्डर दुरुस्तीला काढा. ही चाचणी ट्रे लावताना करायची, पोट उघडल्यावर नाही.

मॅडम, तुमच्यासाठी ०.५ मिलिमीटर दात्यांचा, त्याच लांबीचा नवा नग काल निघाला आहे. त्याचे पैसे घेणार नाही. जुन्याचे इन्सर्ट बदलता आले असते, पण जोडाची शाश्वती देता येत नाही, म्हणून तो परत पाठवत नाही. गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी हाच ०.४ चा लांब वाकडा नग घेतला त्यांना आम्ही स्वतःहून फोन करतोय. कोणती सुई धरता, एवढंच विचारायचं आहे. जाड सुई धरत असतील त्यांना बदलून देऊ. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये धाग्याच्या नंबराचा रकाना आता आला आहे, आणि तो रिकामा असेल तर माल निघत नाही.

नव्या पाकिटात ४-० च्या कामासाठी एक छोटा, नाजूक होल्डरही ठेवला आहे. त्याच्या मुठीवर निळी पट्टी चिकटवली आहे, म्हणजे ट्रेमध्ये दोन्हींची अदलाबदल होणार नाही.