सर्व ऋतूंत हिवाळा धरलेला नाही

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडतो, म्हणून सप्टेंबरमध्येच बायकोने सहज विचारलं, "विंटर टायरचं काय ठरवलंस?" आणि मी पण तितक्याच सहज म्हणालो, "बघतो." आमच्या घरात "बघतो" या शब्दाची मुदत साधारण तीन महिने असते हे तिलाही माहितीये, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही, फक्त माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

खरं सांगायचं तर गाडी घेतली तेव्हाच हा विषय संपला असं मी धरून चाललो होतो. एसयूव्ही आहे, चारही चाकांना ताकद जाते, जमिनीपासून चांगली वीतभर उंच आहे आणि गिअरच्या शेजारी एक गोल बटण आहे ज्यावर बर्फाच्या कणाचं चित्र आहे. ते फिरवलं की समोरच्या स्क्रीनवर एक छोटीशी गाडी येते आणि तिच्याखाली निळानिळा बर्फ पसरतो. हे मी घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवलंय. जूनमध्ये पण दाखवलंय. त्यामुळे टायरबियर ही छोट्या गाडीवाल्यांची कटकट, आपला काय संबंध, अशी माझी ठाम समजूत होती.

त्यात गाडीबरोबर आलेल्या टायरवर कंपनीने स्वच्छ लिहिलेलं, ऑल सीझन. आता आपण शाळेत सहाच्या सहा ऋतू पाठ केलेली माणसं, हेमंत आणि शिशिर धरून, त्यामुळे ऑल म्हटल्यावर सगळे आले असंच आपण समजणार ना. तर नाही. ऑक्टोबरात एके रात्री वाचायला बसलो तेव्हा कळलं की या ऑल सीझनमधला हिवाळा म्हणजे सकाळी स्वेटर घालू की नको असा विचार पडतो तो हिवाळा. खरा हिवाळा, म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकल्यावर नाकातले केस कडक होतात तो, त्यात धरलेला नाही.

कारण असं की रबर हा प्राणी थंडीत आखडतो. साधारण 7 अंशांच्या खाली पारा गेला की साध्या टायरचं रबर हळूहळू कडक व्हायला लागतं, आणि कडक रबर रस्त्याला चिकटून बसत नाही, नुसतं वरून जातं, एखादा पाहुणा "बसत नाही, घाईत आहे" म्हणतो ना तसं. विंटर टायरच्या रबरात सिलिका वगैरे घालून ते थंडीतही मऊ राहील अशी सोय केलेली असते. मग तेच टायर बारा महिने का नाही लावायचे, तर उन्हाळ्यात ते इतके मऊ पडतात की रस्ता त्यांना खोडरबरासारखा खातो आणि वर ब्रेकही लांब लागतो. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हे वाचल्यावर मी रात्री अकरा वाजता खाली गाडीपाशी जाऊन अंगठ्याने टायर दाबून बघितला. बाहेर 4 अंश होतं. दोन मिनिटं दाबला, वेगवेगळ्या जागी दाबला, टायर कडक आहे की नाही ते काही ठरेना पण अंगठा मात्र नक्की कडक झाला. वर बघतो तर बायको खिडकीत उभी. तिने काही विचारलं नाही. मी पण हात हलवला आणि जणू काही रोजच हे करतो असं दाखवत दुसऱ्या चाकाकडे गेलो.

मग टायरवरची अक्षरं वाचायचा नाद लागला. एका बाजूला एम प्लस एस असं लिहिलेलं, म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. मला केवढा आनंद झाला, म्हटलं बघ, बर्फ लिहिलंय! नंतर कळलं की हा शिक्का नक्षीच्या खाचा कशा आहेत यावरून कंपनी स्वतःच मारते, त्यासाठी टायरला प्रत्यक्ष बर्फावर नेऊन बघायची गरज नसते. मुलगा पोहण्याची चड्डी घालून आला म्हणून त्याला पोहता येतं असं समजण्यापैकी हा प्रकार. खरी खूण वेगळी, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण, 1999 पासूनची. तिला परीक्षा असते, एका ठरलेल्या टायरला 100 मार्क धरले तर बर्फावरच्या पकडीत याला निदान 110 पाहिजेत असा तिचा मूळ हिशोब. पण तिथेही दबलेल्या बर्फाचाच पेपर, काचेसारख्या गुळगुळीत बर्फाचा पेपर त्यात नसतोच. आमच्याकडे नेमका तोच दर जानेवारीत कंपल्सरी असतो.

आणि या सगळ्यात तिसराच एक पाहुणा निघाला, ऑल वेदर. ऑल सीझन नव्हे, ऑल वेदर. याला ती डोंगराची खूण असते, बाराही महिने चालतो, बर्फावर ऑल सीझनपेक्षा बरा आणि खऱ्या विंटर टायरपेक्षा कमी. ऋतू वेगळे आणि हवामान वेगळं हे ज्या रात्री कळलं त्या रात्री मी लॅपटॉप मिटला आणि सरळ झोपलो.

नोव्हेंबर उजाडेपर्यंत माझ्याकडे इतकी माहिती जमली होती की मी जेवताना ती वाटायला लागलो. जगातला पहिला विंटर टायर 1934 साली फिनलंडमध्ये झाला, ट्रकसाठी, नोकियनवाल्यांचा, आणि ऑल सीझन नावाची भानगड अमेरिकेत गुडइयरने 1977 साली टिएम्पो नावाने आणली. मुलगा म्हणाला, "बाबा, आपण कधी आणणार?" आमच्या घरात टायरचा 1934 पासूनचा इतिहास होता, फक्त टायर नव्हते.

सल्ले देणाऱ्यांची तर लाइन होती. ऑफिसातला एकजण म्हणाला, वीस वर्षं ऑल सीझनवर चालवतोय, काय नाय होत. त्याची गाडी मी ओळखतो, तिचा पुढचा बंपर दर वर्षी नवीन असतो. बाबांना फोनवर सांगितलं की वर्षातून दोनदा चारही चाकं बदलायची म्हणतायत, तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "गाडीला पण आता लोकरीचे कपडे काढायचे आणि ठेवायचे का रे?" मी त्यांना सिलिका समजवायला लागलो तर त्यांनी फोन आईकडे दिला.

पैशाचा मुद्दा मी हुशारीने मांडून बघितला. म्हणजे विंटर सेट घेतला की उन्हाळी सेट तेवढे महिने नुसता पडून राहतो, झिजत नाही, म्हणजे दोन्ही सेट मिळून जवळजवळ दुप्पट वर्षं चालतात, म्हणजे खरं तर हा खर्चच नाही. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, मी पण चपलांचे चार जोड घेते, झिजायचेच नाहीत." त्यावर मी अजून विचार करतो म्हणालो. तेवढ्यात नोव्हेंबर संपत आला.

आणि मग एका शनिवारी सकाळी बर्फ पडला.

फार नाही हो, बोटभर. आम्ही दोघं सामान आणायला निघालो, मी बसल्याबसल्या ते बटण फिरवलं, स्क्रीनवर निळा बर्फ आला, गाडी घराबाहेरून अशी झोकात निघाली की मी बायकोकडे एकदा बघून पण घेतलं, बघ म्हटलं. पुढे एक उतार आहे, उतार म्हणजे सायकलवाल्याने पायडल मारायचं थांबवावं इतकाच, आणि त्याच्या शेवटी सिग्नल. सिग्नल लाल. मी वेळेवर ब्रेक दाबला, वेग कितीसा, 25 असेल. पायाखाली दळण दळल्यासारखी खरखर सुरू झाली, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आपलं काम करत होतं, चारही चाकं आपापलं काम करत होती, आणि गाडी मात्र या कशाशीच आपला संबंध नसल्यासारखी शांतपणे पुढे चालली होती. एरवी अपघात म्हणजे धाडकन काहीतरी होतं अशी माझी कल्पना. हा इतका सावकाश होता की मला मध्ये घसा खाकरायला वेळ मिळाला. स्टिअरिंग फिरवलं, काही नाही. ब्रेक आणखी जोरात दाबला, दळण आणखी जोरात. तेव्हा बायको समोर बघत, आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "बटण फिरव ना."

सुदैवाने कडेला बर्फाचा ढीग होता, त्यात गाडीने नाक खुपसलं आणि थांबली. बंपरला ओरखडा, बाकी सगळे ठीक. आमच्या मागे एक जुनी, टीचभर, पुढच्या दोन चाकांवर चालणारी गाडी होती, ती सिग्नलला रेघेवर मोजून थांबली. तिच्यातून एक आजोबा उतरले, आमची गाडी मागे ढकलायला मदत केली, जाताना वाकून आमचा टायर बघितला आणि नुसतं "अच्छा" अशा अर्थाची मान हलवली. त्या मानेने मला जे समजावलं ते महिनाभराच्या वाचनाने समजलं नव्हतं. चार चाकांना ताकद देऊन गाडी निघते झकास, पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात, आजोबांच्या पण. थांबवायचं काम शेवटी रस्त्याला टेकलेलं तळहाताएवढं रबर करतं, आणि माझं रबर त्या दिवशी कामावर नव्हतं. उलट गाडी झोकात निघते म्हणून आपण वेगात असतो आणि रस्ता किती घसरडा आहे ते पहिल्या ब्रेकला कळतं.

मग आमची वरातीमागून घोडी निघाली. पहिला बर्फ पडल्यावर टायर लावायला जाणारा मी एकटाच शहाणा नव्हतो, त्यामुळे तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. तिथल्या माणसाला मी विचारलं, दोनच बदलले तर? त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी एकाच पायात बूट मागितला. म्हणाला, पुढे पकड आणि मागे नाही म्हणजे वळणावर मागचा भाग पुढे यायला बघतो. मला ते दृश्य लगेच दिसलं, बायकोच्या कॉमेंटसकट, म्हटलं चारही द्या.

पुढे तो म्हणाला, रिम 19 ऐवजी 17 इंची घ्या, ब्रेकला न अडता बसते ती, टायर जरा अरुंद येईल आणि त्याची बाजूची भिंत उंच होईल, अरुंद टायर ताज्या बर्फात खाली घुसतो, रुंद वर तरंगतो, शिवाय स्वस्त. सगळं पटलं, पण गाडी बाहेर आली तेव्हा काळजात चर्र झालं, पावसाळ्यात पायजमा वर खोचलेल्या माणसासारखी दिसत होती. आणि नवीन रिममध्ये हवेचे सेन्सर नको म्हणालो पैसे वाचवायला, त्यामुळे पूर्ण हिवाळा डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला. थंडीत दर 5-6 अंशांना हवा साधारण एक पीएसआयने उतरते, आणि ते सांगणारा दिवा आधीच पेटलेला, त्यामुळे दर रविवारी मी गेज घेऊन चार चाकांपुढे चार वेळा उकिडवा बसतो. एवढ्या बैठका मी आयुष्यात काढल्या नव्हत्या.

टायर मात्र काम करतात, हे कबूल करायला पाहिजे. जवळून बघितलं तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारखे नागमोडी बारीक चिरे आहेत, त्यात बर्फ अडकून बसतो आणि बर्फाची बर्फावर पकड चांगली बसते, असा तो उलटाच कारभार. पहिल्याच दिवशी मी मुद्दाम त्याच उतारावर गेलो, मागे कोणी नाही बघून ब्रेक दाबला, गाडी थांबली. रेघेच्या आधी थांबली. आजूबाजूला बघितलं, आजोबा काही दिसले नाहीत. परत वळून एकदा थांबवून दाखवली, कोणाला ते विचारू नका.

जुने चार टायर घरात ठेवताना मी फार व्यवस्थितपणा केला. रिमसकट असतात ते आडवे एकावर एक रचायचे हे वाचलं होतं, नुसते टायर असतील तर उभे, त्याप्रमाणे कोपऱ्यात मनोरा रचला, त्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात. आणि रचायच्या आधी प्रत्येकावर खडूने लिहिलं, डा.पु., उ.पु., डा.मा., उ.मा., म्हणजे डावं पुढचं, उजवं मागचं वगैरे, कारण वसंतात लावताना पुढचे मागे आणि मागचे पुढे करायचे असतात, झीज सारखी व्हावी म्हणून.

काल एप्रिलचं ऊन बघून मनोरा उतरवला. अक्षरं शाबूत होती. पण लिहिताना मी मागची चाकं गाडीच्या मागे उभा राहून लिहिली होती आणि पुढची गाडीच्या समोर येऊन तोंडाकडे बघत, हे मला आता आठवतंय, म्हणजे पुढचं डावं ते माझं डावं की गाडीचं हे सांगणारं घरात कोणी नाही. बायको दारात येऊन उभी राहिली, चारही टायर बघितले, माझ्या हातातला खडू बघितला आणि "बघतोयस ना?" एवढंच विचारून गेली. मी ते हाताला येतील तसे उचलले आणि लावून टाकले. ऑल सीझन आहेत म्हणतात, ऑल साइड पण असतील.