‘आयएसआय आहे ना साहेब, मग सही करा की!’

घोडबंदर रोडवरचा चाळीस मजली टॉवर असो की नौपाड्यातली जुनी सोसायटी पाडून उभी राहणारी इमारत, मटेरियल अप्रूव्हलची फाइल उघडली की आत तोच माल. गुळगुळीत कॅटलॉग, त्यावर हसणारं कुटुंब, मागे कुठल्यातरी प्रमाणपत्राच्या झेरॉक्सची झेरॉक्स, जिच्यावरचा शिक्का वाचायला भिंग लागेल. टेबलासमोर सप्लायरचा माणूस उभा: ‘आयएसआय आहे ना साहेब, मग अजून काय पाहिजे?’

बरंच काही पाहिजे! आणि ते दर वेळी नव्याने सांगावं लागतं, याचाच संताप येतो.

आयएसआय म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) छाप. त्याचा परवाना कंपनीला सरसकट मिळत नाही. तो एका कारखान्याला, एका मानकासाठी आणि त्यात लिहिलेल्या ग्रेड-साइजपुरता मिळतो. छापाच्या वर आयएस, म्हणजे मानकाचा क्रमांक असतो, खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा क्रमांक. तो खालचा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकायला अर्धं मिनिट लागतं. परवाना चालू आहे का, पत्ता त्याच कारखान्याचा आहे का, मानक तेच का आणि समोर पडलेला आकार त्या परवान्यात बसतो का, एवढं बघायचं. एकाच ब्रँडचे तीन कारखाने असतात, फाइलमध्ये कागद एकाचा आणि ट्रकमधून माल उतरतो दुसऱ्याचा. स्टोअरकीपर चलनावर ‘ओके’ लिहितो. कशाचं ओके? संख्या बरोबर भरली, याचं.

प्लायवुडची तर थट्टाच चालू आहे. फळीवर ठळक ‘७१०’ छापलेलं, बाजूला ‘मरीन’, ‘बॉइलिंग वॉटर प्रूफ’ आणि काय काय. सीएम/एल शोधायला जा, सापडत नाही. ७१० हा आकडा लाकडावर छापायला शाई सोडून काहीच लागत नाही. आयएस ७१० च्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि मग थर सुटतात का ते बघतात. साइटवर आलेल्या बोर्डाचा हातभर तुकडा कापून दिवसभर उकळला तरी बरेचसे ‘मरीन’ बोर्ड आपली जात दाखवतात. पण उकळणार कोण? फर्निचरवाल्याला मंगळवारी ट्रॉली बसवायचीय.

आता सळई, कारण खरी लबाडी इथे आहे आणि ती कायद्याच्या चौकटीत बसवून केलेली असते.

आयएस १७८६ मध्ये सळईच्या वजनाला सूट आहे. १० मिमीपर्यंत पूर्ण लॉटमागे सात टक्के, त्याच्या वर १६ मिमीपर्यंत पाच टक्के, त्याहून जाड असेल तर तीन टक्के, कमी किंवा जास्त. ही सूट रोलिंगमध्ये, म्हणजे तापलेलं लोखंड दाबून सळई काढताना, होणाऱ्या फरकासाठी दिलीय. बाजारात मात्र तिचा अर्थ ‘नेहमी कमी’ असा झालाय. १२ मिमीच्या सळईचं प्रमाण वजन मीटरला ०.८८८ किलो. प्रमाणाप्रमाणे एका टनात सुमारे ११२६ मीटर सळई येते. पाच टक्के हलकी असेल तर ११८५ मीटर. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर काट्यावर एक टन विकत घेतो, बिल मात्र मीटर मोजून गुणिले ०.८८८ असं लावतो, आणि दर टनामागे साठेक मीटरचे पैसे अलगद खिशात. याला धंद्यात ‘रोलिंग मार्जिन’ म्हणतात आणि कोणाला लाजही वाटत नाही. डिझाइन करणाऱ्याने ११३ चौ. मिमी क्षेत्रफळ धरलेलं असतं, कॉलममध्ये पडतं १०७. बिल प्रत्यक्ष काट्याच्या वजनावर लावा असं करारात लिहिलं की बघा, वाटाघाटीत सगळ्यात आधी हेच कलम उडवायची धडपड होते.

तपासणीला काय लागतं? हॅक्सॉ, मोजपट्टी आणि ग्रॅम दाखवणारा काटा. वेगवेगळ्या बंडलांतून तुकडे काढा, टोकं काटकोनात कापा, अचूक एक मीटर मोजा, गंज-माती ब्रशने झाडा, वजन करा. एकट्या तुकड्याला १२ मिमीसाठी सहा टक्क्यांपर्यंत कमी चालतं, म्हणजे साधारण ८३५ ग्रॅम. ८ मिमीला आठ टक्के, म्हणजे ३६३ ग्रॅम. त्याखाली गेला तर ट्रक परत. एकाच बंडलातून तीन तुकडे काढून ‘सॅम्पलिंग झालं’ म्हणणाऱ्यांनी कृपा करून तेवढे श्रमही घेऊ नयेत.

याहून मोठी गोम मिल टेस्ट सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे सळईच्या कारखान्याच्या चाचणी-अहवालात असते. एफई ५००डी ग्रेडच्या सळईचा अहवाल आला: यील्ड (ज्या ताणाला सळई कायमची लांबायला लागते) ५४०, अल्टिमेट (तुटण्याआधीचा सर्वाधिक ताण) ६००, दोन्ही न्यूटन प्रति चौ. मिमी, लांबण १७ टक्के. आयएस १७८६ प्रमाणे झकास पास. अल्टिमेट किमान ५६५ हवं, ते आहे. यील्डपेक्षा दहा टक्के जास्त हवं, तेही आहे, गुणोत्तर १.११. सगळे खूश. पण ठाणे आणि नवी मुंबई भूकंप क्षेत्र तीनमध्ये येतात. इथल्या आरसीसी फ्रेमला आयएस १३९२०, म्हणजे भूकंपाचा विचार करून सळया कशा घालायच्या याचं मानक, लागू होतं, आणि त्यात हेच गुणोत्तर किमान १.१५ मागितलंय. म्हणजे तीच सळई, तोच कागद, एका मानकात पास आणि ज्या बीम-कॉलममध्ये ती जाणार तिथे नापास. वर अजून एक अट आहे: प्रत्यक्ष यील्ड ठरलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त असता कामा नये. एफई ५०० ला ठरलेला आकडा ५००, म्हणजे मर्यादा ६००. यील्ड ६२० आलं की सप्लायर छाती फुगवून सांगतो, ‘बघा, किती स्ट्राँग!’ अरे बाबा, भूकंपात बीमची सळई आधी वाकावी, ताणली जावी, ऊर्जा खावी, असा हिशेब मांडलेला असतो. ती ठरल्यापेक्षा ताठ निघाली तर बीम वाकायच्या आधी भार कॉलमवर आणि जोडावर जातो, किंवा बीम कातरबळात अचानक तुटतो. इथे ‘जास्त’ म्हणजे ‘चांगलं’ नसतं. अहवालात पास-नापासचा रकाना १७८६ वर छापलेला असतो, आणि १३९२० चा हिशेब कॅल्क्युलेटरवर एक भागाकार करून काढायचा असतो. तोही कोणी करत नाही!

शिवाय सर्टिफिकेटवर हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या घाण्यात वितळवलं त्याचा क्रमांक असतो. तो बंडलाच्या टॅगवर असायला हवा. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून दोन-तीन हात बदलून आलेल्या मालाला टॅग उरलेला असेल तर नशीब. टॅग नाही, हीट जुळत नाही, तर तो कागद त्या सळईचा नाहीच, कुठल्यातरी सळईचा आहे. मग साइटवर आलेल्या मालाची स्वतंत्र चाचणी करायची, दुसरा रस्ता नाही.

स्वतंत्र चाचणी म्हटलं की लॅबचा अहवाल आला, आणि तोही वाचायचा असतो. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं चिन्ह वर आहे म्हणून मान डोलवू नका. मान्यता चाचणीनिहाय मिळते. लॅब क्यूब (काँक्रीटचा चाचणीचा ठोकळा) आणि सळईला मान्यताप्राप्त असेल, पण ब्लॉकला किंवा पाण्यातल्या क्लोराइडला असेलच असं नाही. लॅबची व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर उघड पडलेली आहे, अहवालावर यूएलआर, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र क्रमांक आहे का तेही बघा. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरातली ओळ वाचा: ‘नमुना ग्राहकाने आणून दिला, निकाल फक्त त्या नमुन्यापुरता’. लॅब प्रामाणिकपणे हात झटकते, चूक तिची नाही. नमुना कोणी निवडला, कुठल्या लॉटचा, सील कोणी केलं, यातलं काही नसेल तर तो अहवाल एका अनाथ तुकड्याचा आहे. क्यूबचंही तेच. कोपऱ्यात वेगळा जाडसर माल कालवून भरलेले क्यूब, सगळ्यांचे निकाल एकमेकांना चिकटून, ३८.२, ३८.४, ३८.३. खऱ्या काँक्रीटमध्ये एवढी एकी नसते हो!

आणि खाडी आपल्याला चिकटलेली आहे हे तर लोक विसरूनच जातात. वाशी, ऐरोली, कोपरी, कळवा, सगळीकडे खारी हवा. काँक्रीटचं मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे समुद्रकिनारी उघड्या काँक्रीटला ‘सिव्हिअर’ वर्ग धरायचा: किमान एम३० ग्रेड, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ४५ मिमी. सिमेंट-रेती-खडी-पाणी-ॲडमिक्स्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) सगळं मिळून क्लोराइड घनमीटरला ०.६ किलोच्या आत. खाडीची न धुतलेली रेती आली की हा आकडा गेलाच. तरी रेतीच्या अहवालात गाळाचं प्रमाण असतं, चाळणी असते, क्लोराइडचा रकाना मात्र ‘लागू नाही’. कोणी ठरवलं, लागू नाही? वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींचे छज्जे सळई फुगून गळून पडताना दिसत नाहीत का?

पाइपवर एकच शिवी देऊन पुढे जातो. सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपच्या आयएस १३५९२ मध्ये टाइप ए हा हवा खेळती ठेवायला आणि पावसाच्या पाण्यासाठी, संडास-मोरीसाठी टाइप बी. ११० मिमीला ए ची जाडी किमान २.२ मिमी, बी ची ३.२. दोघांवर आयएसआय, दोघे राखाडी, दोघे खरे. व्हर्निअर लावा, पाइपवर छापलेलं अक्षर वाचा. शाफ्ट बंद झाल्यावर काहीच वाचता येत नाही.

टेंडर लिहिणारेही धुतल्या तांदळाचे नाहीत. ५३ ग्रेड सिमेंटला अजून ‘आयएस १२२६९’, ४३ ला ‘आयएस ८११२’ लिहिलेलं सापडतं. ही दोन्ही मानकं २०१५ मध्ये आयएस २६९ मध्ये विलीन झाली, गोणीवर आता २६९ छापलेलं असतं. म्हणजे टेंडरप्रमाणे काटेकोर वागलं तर बाजारातली प्रत्येक गोणी नाकारावी लागेल, आणि ‘ते जाऊ द्या हो’ म्हटलं की मग उरलेलं सगळंच जाऊ द्यायची सवय लागते. ‘अमुक ब्रँड किंवा तत्सम’ ही अजून एक पळवाट. कशात तत्सम? एएसी ब्लॉक, म्हणजे भिंतीचे हलके सच्छिद्र ब्लॉक घ्या. घनता घनमीटरला ५५१ ते ६५० किलो असेल तर ग्रेड १ ला दाबशक्ती चौ. मिमीला ४ न्यूटन, ग्रेड २ ला ३. घनता ४५१ ते ५५० असेल तर २ आणि १.५. हलका ब्लॉक ‘तत्सम’ म्हणून आला तर गीझर आणि किचनच्या कॅबिनेटचे फिशर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचे प्लग) कशात धरणार? जड आला तर भिंतीचा वाढलेला भार कोणी मोजला? हे पर्चेसवाला दर बघून ठरवतो, आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटला भिंत उभी राहिल्यावर कळतं.

सगळ्यात जीवघेणा प्रकार फायर डोअरचा. प्रमाणपत्रावर ‘१२० मिनिटं’ लिहिलं की संपलं, असंच सगळ्यांना वाटतं. चाचणीच्या भट्टीत नुसती फळी जात नाही. चौकट, पल्ला, बिजागऱ्या, लॉक, क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र), कडेची आगीत फुगणारी पट्टी, काच, सगळा संच एकत्र तपासला जातो, आयएस ३६१४ त्यासाठीच आहे. चाचणी एका आकाराच्या एकपल्ली दारावर झालेली, साइटवर येतं त्याहून उंच दोनपल्ली. कागद तोच! चौकटीची पोकळी चाचणीत ग्राउटने भरलेली होती, इथे ती रिकामी किंवा फोमने फुसकन भरलेली. फरशी ठरल्यापेक्षा वर आली म्हणून सुताराने खालून पल्ला कापला, कापलेल्या कडेला आतलं भरण उघडं. बिजागऱ्या कमी पडल्या, नाक्यावरच्या हार्डवेअरमधून आणल्या. मग सोसायटी येते आणि चोरीच्या भीतीने वर अल्ड्रॉप ठोकते. त्या दाराला आता बारा मिनिटांचीही हमी कोणी देऊ नये. पण महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी भरला जातो, त्यात सगळं सुस्थितीत. दार उघडून, क्लोजर स्वतःहून पूर्ण मिटवतो का, एवढं तरी बघितलं का सही करताना?

हे सगळं बिघडतं ते वेळेच्या उलट्या क्रमामुळे. आधी पीओ (खरेदीची ऑर्डर), मग ट्रक, मग बांधणी, मग शनिवारी स्लॅब, आणि सोमवारी अप्रूव्हलची फाइल, ‘मागच्या तारखेने करून द्या ना’. सळईचा निकाल यायच्या आत सळई काँक्रीटमध्ये गाडलेली. मग कन्सल्टंटने नापास लिहायचं म्हणजे स्लॅब फोडायला सांगायचं, आणि ते कोणी सांगत नाही हे सगळ्यांना पाठ आहे. पुनर्विकासातल्या सोसायट्यांनो, लॉबीतल्या ग्रॅनाइटच्या रंगावर तीन सभा घेता, त्यातली एक यावर घ्या. करारात लिहून घ्या: निकाल हातात आल्याशिवाय माल वापरायचा नाही, नमुना सोसायटीच्या पीएमसीसमोर (प्रकल्प सल्लागारासमोर) काढून सील होणार, लॅब सोसायटी ठरवणार, पास झाला तर चाचणीचा खर्च सोसायटीचा, नापास झाला तर कॉन्ट्रॅक्टरचा.

आणि नापास माल गेटबाहेर जाताना प्रत्येक बंडलाच्या टोकाला लाल रंग मारा, फोटो काढा, परतीच्या चलनावर हीट नंबर आणि ‘नापास’ लिहून ड्रायव्हरची सही घ्या. कारण तो ट्रक भट्टीकडे जातोच असं नाही. बऱ्याचदा तो पुढच्या नाक्यावरच्या साइटवर रिकामा होतो, आणि तिथेही कोणीतरी म्हणतंच, आयएसआय आहे ना साहेब.